चटईचं खळं

आमचे सर कुणाच्याही घरी गेले की आधी चेंडू सोडायचे. नमस्कार, पाणी, चहा हे सगळं त्यानंतर. झब्ब्याच्या खिशातून हॉकीचा पांढरा चेंडू काढायचा, उंबऱ्याच्या आत हलकेच ठेवायचा आणि तो कुठं जातो ते कमरेवर हात ठेवून बघत राहायचं. चेंडू जागेवर थांबला तर घर चांगलं. गडगडत गेला तर घरमालकाला तिथल्या तिथं सुनवायचं, "तुमना घरले उतार शे. गवंडी कोन व्हता?" एकदा ते कुणाच्या तरी मुलीसाठी स्थळ बघायला गेले होते, तिथंही त्यांनी हेच केलं. चेंडू थेट मुलाच्या आजोबांच्या खाटेखाली गेला आणि सर त्याच्यामागे गुडघ्यांवर खाटेखाली शिरले. सोयरीक जमली, ती त्या मुलीच्या नशिबानं. तेव्हापासून अशा कामाला निघताना काकू, म्हणजे सरांच्या बायको, त्यांचे खिसे तपासायला लागल्या.

जळगावातल्या आमच्या मुलींच्या शाळेत सर भूगोल शिकवायचे. हॉकीशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. झालं असं की खेळाच्या बाई बदली होऊन धुळ्याला गेल्या, त्यांच्या जागी कुणी आलंच नाही, आणि खेळाच्या सामानाच्या खोलीची किल्ली सरांकडे आली. कारण एकच, वर्गात टांगायचे नकाशे त्याच खोलीत ठेवलेले असत. नकाशा काढायला गेलं की कोपऱ्यातल्या हॉकी स्टिक पायांवर पडायच्या. दुसरा कुणी असता तर त्या माळ्यावर टाकून मोकळा झाला असता. सरांनी वाचनालयातून हॉकीच्या नियमांचं पुस्तक आणलं, परीक्षेला बसायचं असल्यासारखं वाचून काढलं, आणि पुढच्या आठवड्यात आम्हाला मैदानावर उभं केलं.

शिकवायचं कसं, हा प्रश्न त्यांना पडलाच नाही. भूगोलाच्या माणसाला नकाशा पुरतो. समोरचा गोल म्हणजे सातपुडा, आपला गोल म्हणजे अजिंठ्याचा डोंगर, आणि मधे सगळा खानदेश. मी मधल्या फळीत मधोमध, म्हणजे जळगावला. डावीकडची मुलगी एरंडोलला, उजव्या बाजूची मागची जामनेरला, आणि उजव्या टोकाला जी धावायची ती एदलाबादला. मुक्ताईनगर हे त्याचं नवं नाव घ्यायची सवय सरांना कधीच लागली नाही. वर्गात ते अगदी पुस्तकी मराठी बोलायचे, पण मैदानाची चुन्याची रेघ ओलांडली की तोंडातून अहिराणी सुरू व्हायची. "अवं, एरंडोल मोकळं पडनं! एदलाबादले काढ ना चेंडू!" समोरच्या शाळेच्या मुली गोंधळून एकमेकींकडे बघायच्या. मध्यंतरानंतर बाजू बदलली की ते ओरडायचे, "आते नकाशा उलटा धरा." आम्ही धरायचो. आजही मी जळगावहून जामनेरला एसटीनं निघाले की मला आपण मागं बचावाला चाललो आहोत असंच वाटतं.

स्वतः सरांनी मात्र स्टिक कधी हातात घेतली नाही. आम्ही एकदा फारच गळ घातली तेव्हा म्हणाले, "मी नकाशावाला. नकाशावाल्यानं डोंगर चढू नये." आणि छत्री उघडून बसले. ती छत्रीही पांढरी. काळी छत्री ऊन खाते, असं त्यांचं म्हणणं होतं.

माझं गाव जामनेरजवळ. घरची कापसाची शेती. गावात सातवीपर्यंतच शाळा होती, म्हणून मी जळगावला मामांकडे राहून शिकत होते. आबा, म्हणजे माझे वडील, मोजकं बोलणारे. मला दहावीपर्यंत शिकवायचं त्यांनी कबूल केलं होतं. त्यापुढं पोरीनं परक्या घरी किती राहायचं, असा त्यांचा साधा सवाल होता. हॉकीचं त्यांच्या कानावर आलं तेव्हा ते म्हणाले, "राज्याच्या टीममधी नाव आलं तं शिक पुढं. नाही आलं तं घरी ये." मला ते एकदम न्यायाचं वाटलं. मी चांगली खेळायचे. चेंडू माझ्या स्टिकला आला की सुटायचा नाही, असं सगळे म्हणायचे. नाव येणारच होतं.

नववीत असताना पुण्याकडे राज्य संघाची निवड चाचणी झाली. मला घेऊन सर आले आणि मुलगी एकटी नको म्हणून काकूही आल्या. मैदान टर्फचं होतं. हिरवंगार, गुळगुळीत, वर पाण्याचा फवारा मारलेला. आम्ही मुरमावर खेळलेल्या पोरी. मुरमावर चेंडू उड्या मारत, अडखळत येतो आणि त्याला गाठायला वेळ मिळतो. इथं तो सापासारखा सरसरत आला आणि मी स्टिक टेकवायच्या आत निघून गेला. एकदा नाही, दर वेळी. मी जिथं स्टिक लावायची तिथून तो केव्हाच पुढं गेलेला असायचा. बाहेर आले तेव्हा मला रडूही येत नव्हतं. आपल्याला खेळता येत नाही हे आपल्याला आजवर कुणी सांगितलं नाही, एवढंच डोक्यात घोळत होतं.

सरांनी तोवर कुंपणाच्या जाळीच्या खालून हात घालून टर्फ चाचपून पाहिलं होतं. परत एसटीनं निघालो. औरंगाबादला चहाला उतरलो तेव्हा बशीतला चहा तसाच ठेवून काकूंना म्हणाले, "हाई ते खयं शे."

"काय?" काकूंनी विचारलं.

"खयं. फक्त हिरवं शे, आनि वलं शे. आपला अंगणमा करसूत."

"आनि मी बिबड्या कोठे टाकू?"

"धाबावर टाक."

"ह्या वयमा मी धाबावर चढू?"

हे भांडण जळगाव येईपर्यंत चाललं. उतरताना काकू मला म्हणाल्या, "माय, तू रडू नको. ह्या मानूसना डोकामा शिरनं म्हंजे ते व्हयनंच समज." काकूंचं लग्न झाल्यापासून त्यांनी आणखी काय काय होताना पाहिलं होतं कोण जाणे, पण त्या वर्षी त्यांचे पापड, कुरडया आणि ज्वारीच्या बिबड्या धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, वाळल्या. शिडी धरायला सर स्वतः उभे राहिले.

खयं म्हणजे खळं. ते काय असतं हे खानदेशात कुणाला सांगावं लागत नाही, पण नवीन पिढीनं ते बघितलेलं नसतं म्हणून सांगते. ज्वारी-बाजरीची मळणी करायला शेतात जमीन तयार करतात. माती भिजवायची, तुडवायची, लाकडी चोपण्यानं ठोकून ठोकून बसवायची, वरून शेणानं सारवायची. दाणा मातीत मिसळता कामा नये, इतकी ती घट्ट आणि गुळगुळीत व्हायला हवी. सर शेतकऱ्याच्या घरचे, त्यांना हे माहीत होतं. अंगणात त्यांनी खाली मुरूम घातला, त्यावर धाब्यावर टाकतात ती खारी माती आणि गव्हाचा भुसा. आम्ही मुलींनी ती तुडवली. रविवारी सकाळी सर गोणपाटावर उकिडवे बसून माती चोपायचे आणि चोपता चोपता आमच्याकडून नद्यांची नावं पाठ करून घ्यायचे. पातळी बघायला पाण्यानं भरलेलं ताट जमिनीवर ठेवायचे. ताटात पाणी एका काठाला सरकलं की पुन्हा चोपणं.

सगळं झाल्यावर काकूंनी हळदकुंकू वाहिलं आणि मी चेंडू मारला. तो शेणात लडबडला, जड झाला, हिरवा झाला, आणि घरंगळत आळूच्या वाफ्यात जाऊन बसला. सरांच्या डोक्यातलं खळं शेतातलं होतं. पावसाचं पाणी निथळावं म्हणून खळ्याला जरासा उतार ठेवतात, तसा त्यांनी नकळत इथंही ठेवला होता, आणि एवढासा उतार ताटातल्या पाण्यात दिसला नव्हता. आयुष्यभर लोकांच्या घरात उतार शोधणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या अंगणात उतार निघाला! काकू ओट्यावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. सर हसले नाहीत. त्यांनी चेंडू धुतला, आळूकडे बघितलं आणि म्हणाले, "बरं शे. पानी फुकट जावाव नही." आणि उताराच्या टोकाला त्यांनी रांजण पुरला. जळगावात तेव्हा नळाला पाणी रोज येत नसे. खेळाला शिंपडलेलं पाणी रांजणात गोळा व्हायचं आणि पुन्हा झारीत जायचं. उतार तेवढाच ठेवून खेळायचं कसं? तर एका बाजूनं मारलेला चेंडू जलद येतो, दुसऱ्या बाजूनं सावकाश. दोन्ही घ्यायला शिका. चूक झाली असं त्यांच्या तोंडून कधी निघायचं नाही. ती चूक कामाला कशी लागते, हे मात्र ते दुसऱ्या दिवशी दाखवायचे.

पण शेणाचं काय करायचं? चेंडू सरसरत यायला हवा होता. त्यावरही उपाय जळगावातच होता. आमच्याकडच्या कारखान्यांमध्ये प्लास्टिकच्या चटया विणतात, त्या गावोगाव जातात. सरांची एक जुनी विद्यार्थिनी तसल्या एका कारखान्यात कामाला होती. तिच्याकडून कळलं की विणताना रंग चुकलेल्या, काठ उसवलेल्या चटया वजनावर देऊन टाकतात. सर हातगाडी घेऊन गेले आणि ढीगभर चटया घेऊन आले. एकीवर अर्धाच मोर होता, एकीवर कमळाच्या जागी नुसते गुलाबी ठिपके. काकूंनी आणि आम्ही दाभण-सुतळीनं त्या एकमेकींना शिवल्या. शिवण खेळाच्या दिशेनं धरायची, आडवी आली की चेंडू उडतो, हे दोनदा उसवल्यावर कळलं. मग सारवलेल्या जमिनीवर त्या ताणून पसरल्या, कडा चरात गाडून वरून माती चोपली, आणि झारीनं पाणी शिंपडलं.

सरांनी स्वतः चेंडू हातानं सोडला. तो गेला की हो! पुण्याला गेला होता अगदी तसाच, सर्रर्र आवाज करत. आम्ही पोरींनी जो कालवा केला, त्यानं शेजारच्या घरातले लोक जेवण सोडून धावत आले. सर आमच्याकडे पाठ करून छत्री उघडत होते. ऊन नव्हतं.

अंगण ते केवढं! दोघी-तिघींनीच खेळायचं, बाकीच्यांनी ओट्यावर बसून आपली पाळी येण्याची वाट बघायची. चेंडू अडवणं, ढकलणं, वळवणं, एवढाच सराव. पण त्या वर्षभरात माझी स्टिक चेंडूच्या आधी पोहोचायला शिकली. दुनिया गोल शे पण अंगण सपाट पाहिजे, हे सरांचं आवडतं वाक्य त्या वर्षी आम्ही इतक्यांदा ऐकलं की काकू ते त्यांच्या आधी म्हणून टाकायच्या.

एकच नियम कडक होता. खळ्यात चप्पल-बूट घालून कुणीही पाऊल टाकायचं नाही. धान्याची जागा ती, लक्ष्मीची जागा. आता या खळ्यावर धान्याचा एक दाणा पडणार नव्हता, पण सरांना ते पटवणार कोण? मी एकदा बूट घालून आत आले तर त्यांनी शिट्टी वाजवून सगळा खेळ थांबवला. "खयामा पायतन? तुना आबा देखी तर काय म्हनी?" आबांचं नाव काढलं म्हटल्यावर मी निमूट बूट काढले. काकू ओट्यावरून सांगायच्या, "पोरीस्वन, पाय धुई या." आम्ही पाय धुवून, अनवाणी, ओल्या चटईवर खेळायचो. तळव्यांना ती गार चटई अशी सवयीची झाली की शाळेच्या मुरमावर बूट घालून खेळणं म्हणजे दुसराच कुठला तरी खेळ वाटायचा.

सरांबद्दल लोक काय काय बोलायचे ते मला तेव्हाही माहीत होतं. शिक्षकांच्या खोलीत त्यांना 'चटईवाले' म्हणायचे. भूगोलाचा माणूस पोरींना घेऊन अंगणात पाणी शिंपडत बसतो, हे काही बरं दिसत नाही, असंही कुणी मुख्याध्यापकांना सांगितलं. सरांनी मुख्याध्यापकांना घरी बोलावलं, पाय धुवायला लावलं आणि चटईवर उभं केलं. ते गृहस्थ दोन चेंडू मारून, चहा पिऊन गेले. पुन्हा तो विषय निघाला नाही. असा माणूस मला परत भेटला नाही, आणि आज मी धुळ्याला स्वतः खेळाची बाई असूनही माझ्या अंगात ती हिंमत नाही, हे मी कबूल करते. सर जाऊन बरीच वर्षं झाली. अजूनही काही अडलं की वाटतं, त्यांना विचारावं. आणि ते काहीतरी भलतंच सांगतील, ते चालेलही.

दहावीची परीक्षा झाल्यावर पुन्हा चाचणी होती. तेच टर्फ, तीच जाळी, जाळीबाहेर सर आणि काकू. मी शांत होते. पाण्याचा फवारा मारून झाला, मैदान ओलं चमकायला लागलं, आमची नावं पुकारली. आणि मी काठाशी बसले, बूट काढले, मोजे काढले, बूट नीट जोडीनं ठेवले आणि अनवाणी आत गेले.

मला कळलंसुद्धा नाही. शिट्टी वाजली तेव्हा मी मधोमध उभी होते आणि सगळ्या मुली माझ्या पायांकडे बघत होत्या. निवड समितीचे एक गृहस्थ ओरडले, "ए, कुठून आली ही? देवळात आलीस का?" हशा झाला. बुटांशिवाय खेळू देणार नाही, असं त्यांनी सांगितलं. मी मागं वळून जाळीकडे पाहिलं. पाय पुढं जाईना, मागंही जाईना. ओल्या गुळगुळीत जागेवर बूट घालायचे म्हणजे काहीतरी अभद्र करायचं, असं वर्षभर माझ्या हाडात भिनलं होतं.

तेव्हा सर जाळीला धरून ओरडले. एवढा मोठा आवाज त्यांनी वर्गातही कधी काढला नव्हता. "घाल पायतन, पोरी! हाई खयं नही शे! मी सांगस, घाल!"

मी घातले. शाळेचेच कॅनव्हासचे बूट, तळ झिजलेले. ओल्या टर्फवर मी पहिल्या धावेतच सपशेल पडले. चेंडू मला दिसत होता, वेळेवर दिसत होता, स्टिक बरोबर जागी जात होती. पण पाय माझे नव्हते. अर्धा खेळ असा गेला. उरलेल्या अर्ध्यात मी धावणं सोडलं आणि जागेवर उभी राहून जे येईल ते घेतलं, दिलं. एकही सुटला नाही. पण मधल्या फळीत उभं राहणारी मुलगी कुणाला हवी असते? संध्याकाळी नावं वाचली. मी राखीव खेळाडूंमध्ये होते. म्हणजे कुणी आजारी पडलं तर.

सर परतीच्या वाटेवर एकच वाक्य बोलले, तेही खिडकीबाहेर बघून. "बूट घालून सराव घ्यायला हवा होता." पुस्तकी मराठीत. मला त्यांची इतकी दया आली की मी स्वतःचं दुःख विसरले.

आबा मला न्यायला आले ते सरांच्याच घरी. मी निरोप घ्यायला गेले होते. गावी जायला भरलेली माझी पिशवी ओट्यावर ठेवली होती. आबांनी पाणी घेतलं, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि विचारलं, "नाव आलं का मास्तर?"

सरांना गोष्ट फिरवून सांगता आली असती. राखीव म्हणजेही संघच, असं म्हणता आलं असतं, आणि मी मनातून तेच म्हणत होते. सर म्हणाले, "नही. राखीवमा शे. चूक पोरनी नही शे, आबा. चूक मनी शे. मी तिले वरीसभर बिनपायतननी खेळाडी."

"काब्र?"

"खयामा पायतन कसं घालाव?"

 आबा उठून अंगणात गेले. बूट-चप्पल त्यांच्या पायात नव्हतीच, ती दारात निघाली होती. अर्ध्या मोरावर उभे राहून त्यांनी टाच दाबून पाहिली. मग वाकून चटईची कड उचकटली, खालची माती नखानं खरवडली, चिमटीत चोळली. रांजणापर्यंत गेले, आत डोकावले. पुन्हा मधे आले. सर ओट्याशी उभे होते, परीक्षेचा निकाल ऐकायला उभं राहावं तसे. इतकी वर्षं दुसऱ्यांची घरं तपासणारा तो माणूस आज तोंड मिटून बघत होता. काकूंनी माझा हात धरला होता.

"हे तुम्ही केलं?" आबांनी विचारलं.

"मी, आनि ह्या पोरी."

आबांनी एका कोपऱ्यात दोनदा पाय आपटला. "इथी ढिलं राह्यलं हाये," ते म्हणाले. "चोपणं कमी पडलं. बाकी बसलं हाये बरं." मग टोपी झटकून डोक्यावर ठेवत सरांना म्हणाले, "पुढच्या साली माती भिजोली का मले निरोप धाडजा. मी येतो चोपाले."

काकूंनी माझा हात सोडला आणि माझी पिशवी उचलून परत घरात नेली.